ब्रेकिंग बॅड इनसायडर पॉडकास्ट : शोरनर नेमकं करतो काय, हे समजून घ्यायचं असेल तर ऐकाच

आधीच सांगते, पुढे ब्रेकिंग बॅडचे भरपूर स्पॉयलर्स आहेत. ब्रेकिंग बॅड म्हणजे केमिस्ट्रीचा मास्तर वॉल्ट आणि त्याचा जुना विद्यार्थी जेसी मिळून ड्रग बनवायला लागतात ती अमेरिकन मालिका. बघितली नसेल तर आधी ती संपवा आणि मग इकडे या.

तर हा पॉडकास्ट मालिका चालू असतानाच यायचा, म्हणजे एएमसी चॅनेलवर एपिसोड लागला की त्यापाठोपाठ त्याच एपिसोडवर तासभर किंवा त्याहून जास्त गप्पा. बोलायला बसवणारी केली डिक्सन, ही मालिकेची एडिटर, आणि जवळजवळ दर वेळी सोबत व्हिन्स गिलिगन, म्हणजे ज्याने ही मालिका तयार केली आणि शेवटपर्यंत चालवली तो माणूस. अशा चालवणाऱ्यालाच तिकडे शोरनर म्हणतात. बाकी पाहुणे बदलत राहतात, कधी त्या एपिसोडचा लेखक, कधी दिग्दर्शक, कधी कॅमेरामन मायकल स्लोव्हिस, कधी संगीत देणारा डेव्ह पोर्टर, कधी नट. ऐकायला पैसे पडत नाहीत आणि भाषा साधी अमेरिकन बोलीतली इंग्लिश आहे, गिलिगन तर व्हर्जिनियाचा माणूस, सावकाश आणि अत्यंत अदबीने बोलतो, त्यामुळे समजायला अजिबात जड जात नाही.

मालिकांच्या पडद्यामागच्या गोष्टी सांगणारं बरंच काही मी ऐकलंय, बघितलंय, पण त्यातलं बहुतेक सगळं जाहिरातीसाठी बनवलेलं असतं. नटनट्या येतात, शूटिंगला कित्ती मजा आली सांगतात, सगळे एकमेकांचं कुटुंब झालेले असतात आणि दहा मिनिटांत विषय संपतो. इथे फरक पडतो तो प्रश्न विचारणाऱ्या बाईमुळे. केली डिक्सन पत्रकार नाही, चॅनेलच्या पब्लिसिटीवालीही नाही, ती स्वतः ते फुटेज कापत बसलेली असते. त्यामुळे तिचे प्रश्न असे असतात की हा शॉट इतका लांब का ठेवला, हा सीन आधी दुसरीकडे होता तो इकडे का आणला, इथे संगीत का नाही. आणि उत्तर द्यायला समोर तोच माणूस बसलेला ज्याने तो निर्णय घेतलाय. शोरनर हा प्रकार मला कुठल्या व्याख्येतून नाही तर या प्रश्नोत्तरांतून कळला, म्हणून हा एवढा मोठा रिव्ह्यू लिहायला घेतलाय.

टायटल्समध्ये शोरनर असं कुठेच लिहिलेलं नसतं. तिथे दिसतात एक्झिक्युटिव्ह प्रोड्युसर, आणि ते चिक्कार असतात. त्यातला कुणी स्टुडिओचा असतो, कुणी पैशाची जुळवाजुळव केलेला असतो, कधी मुख्य नटालाही तेच क्रेडिट मिळतं. 'क्रिएटेड बाय' हे वेगळं, ते कल्पना आणि मूळ स्क्रिप्टचं क्रेडिट आणि ते ठरतं लेखकांच्या संघटनेच्या नियमांनी. म्हणजे मालिका सुचलेला माणूस आणि रोज ती चालवणारा माणूस एकच असेल असं काही नाही. द वेस्ट विंग आरन सॉर्किनची, पहिल्या चार सीझनचे जवळपास सगळे एपिसोड त्याने लिहिले, पण 2003 मध्ये तो बाहेर पडला आणि गाडी जॉन वेल्सने पुढे नेली. क्रिएटर म्हणून नाव सॉर्किनचंच राहिलं. ब्रेकिंग बॅडच्या बाबतीत दोन्ही खुर्च्यांवर गिलिगनच होता आणि त्यामुळे त्याच्या तोंडून ऐकताना आपल्याला दोन्ही कामांतला फरक जास्त नीट दिसतो, आत्ता तो आपल्याला सुचलेलं सांगतोय की चालवताना काय करावं लागलं ते सांगतोय हे लगेच कळतं.

सिनेमा बघून बघून आपल्या डोक्यात पक्कं बसलेलं असतं की दिग्दर्शक म्हणजे सर्वेसर्वा. अमेरिकन मालिकेत तसं नसतं हे पॉडकास्ट ऐकताना हळूहळू जाणवत जातं. दिग्दर्शक एका एपिसोडसाठी येतो, तयारी करतो, शूट करतो आणि जातो, पुढच्या एपिसोडला दुसरा. सगळ्यात वर असतो लेखक, म्हणजे लेखकांचा प्रमुख. मग बाहेरून आलेल्या दिग्दर्शकाला या जगाचा सूर कसा कळणार? त्यासाठी टोन मीटिंग असते. शोरनर आणि दिग्दर्शक स्क्रिप्ट घेऊन बसतात आणि पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत सीन बाय सीन बोलतात, इथे हा माणूस खोटं बोलतोय पण बायकोला अजून कळलेलं नाही, इथे हसू आलं तरी चालेल, इथे अजिबात नको. हे तासन्‌तास चालतं. शूटिंगच्या दिवशी शोरनर तिथे नसला तरी त्याचं डोकं तिथे असतं ते या मीटिंगमुळे.

आणि ब्रेकिंग बॅडमध्ये तो बहुतेक वेळा तिथे नसायचाच, ही गोष्ट मला सगळ्यात जास्त इंटरेस्टिंग वाटली. शूटिंग न्यू मेक्सिकोतल्या अल्बुकर्कीला, आणि लेखक आणि एडिटिंग कॅलिफोर्नियात, लॉस एंजेलिसच्या बाजूला बरबँकला. मुळात गिलिगनच्या डोक्यात गोष्ट कॅलिफोर्नियातल्या रिव्हरसाइडची होती, न्यू मेक्सिको राज्य शूटिंगवर खर्चाचे 25 टक्के परत देत होतं म्हणून सगळं तिकडे हललं, आणि मग गोष्टच तिकडची करून टाकली. आज ते वाळवंट आणि ते मोठ्ठं आभाळ काढून टाकलं तर ती मालिका डोळ्यासमोरच येत नाही, आणि ते आलं हिशेबाच्या वहीतून! शोरनरला या दोन्ही बाजू एकाच वेळी सांभाळाव्या लागतात. प्रोड्युसर सांगणार की पैसे वाचतायत, तिकडे चला. लेखक म्हणून त्याने आतल्या आत विचार करायचा की तिकडे गेल्यावर माझी गोष्ट कशी बदलेल, आणि बदलली तर ती चांगल्यासाठी कशी बदलेल.

वेळेचं गणित तर डोकं चक्रावून टाकतं. एका एपिसोडचं शूटिंग साधारण आठ दिवसांचं. तो शूट होत असताना पुढच्याची तयारी चालू, म्हणजे लोकेशन, कास्टिंग, सेट. त्याच्या पुढचा लिहिला जातोय. त्याच्याही पुढचा रायटर्स रूमच्या, म्हणजे लेखक एकत्र बसतात त्या खोलीच्या, बोर्डावर अर्धवट लटकतोय. आणि आधी शूट झालेले दोन-तीन एडिटिंगला पडलेत. हे सगळं एकाच आठवड्यात, आणि प्रत्येक ठिकाणी शेवटचं हो किंवा नाही एकाच माणसाचं. पॉडकास्टमध्ये गिलिगनचा आवाज कधीकधी इतका दमलेला येतो की हा माणूस झोपतो कधी असं वाटतं, आणि तरी शेजारी बसलेल्याचं कौतुक करायला तो विसरत नाही.

रायटर्स रूमबद्दल जे कळतं ते सोन्यासारखं आहे. एका खोलीत गिलिगन आणि सहा-सात लेखक, पीटर गूल्ड, सॅम कॅटलिन, मॉयरा वॉली-बेकेट, थॉमस श्नाउझ, जॉर्ज मास्ट्रास, जेनिफर हचिसन अशी ही मंडळी, भिंतीवर कॉर्कबोर्ड, आणि त्यावर एकेक सीनचं एकेक कार्ड टाचणीने लावायचं. एक एपिसोड असा फोडायला, तिकडे स्टोरी ब्रेक करणं म्हणतात, काही आठवडे जायचे. रोज तेच प्रश्न, आत्ता वॉल्टच्या डोक्यात काय चाललंय, त्याला काय हवंय, त्याला कशाची भीती वाटतेय. पुढे काय भारी होईल हा प्रश्न नंतर, आधी हा माणूस आत्ता या घडीला काय करेल. सगळा एपिसोड कार्डावर पक्का झाला की मग एक लेखक तो घेऊन जातो आणि लिहून आणतो, आणि क्रेडिट त्या लेखकाचं लागतं. म्हणजे ओझिमँडियस नावाचा तो एपिसोड ज्याचं नाव काढलं तरी अंगावर काटा येतो, तो लिहिलाय मॉयरा वॉली-बेकेटने, दिग्दर्शन रायन जॉन्सनचं, आणि 2014 ला लेखनाचा एमी हा टीव्हीचा मोठा पुरस्कार मिळाला तो तिलाच. शोरनर मोठा असला की बाकीचे झाकोळले जातात असं मला वाटायचं, इथे गिलिगन प्रत्येक गोष्टीला ही आयडिया कुणाची होती हे सांगत बसतो, बऱ्याचदा तर त्यालाच आठवत नसतं आणि मग सगळे मिळून आठवतात. मला हा चांगुलपणा तर वाटतोच, पण त्यापेक्षा ही कामाची पद्धत वाटते. ज्या खोलीत आयडिया कुणाची यावरून भांडणं होतात तिथे लोक अर्धवट आयडिया बोलायला घाबरतात, आणि मालिकेचं पोट भरतं ते अशाच अर्धवट आयडियांवर.

आता खरी मजा. शोरनरने सगळं आधीच ठरवलेलं असतं असं फॅन लोकांना वाटतं. नसतं! किंवा असं म्हणा की कधी असतं आणि कधी अजिबात नसतं, आणि दोन्ही प्रकार याच मालिकेत बघायला मिळतात. दुसरा सीझन त्यांनी आधी पूर्ण आखला होता. तो स्विमिंग पूलमधला जळका गुलाबी टेडी आठवतोय का, काळ्यापांढऱ्या शॉट्समधला? ते ज्या चार एपिसोडच्या सुरुवातीला येतं त्यांची नावं ओळीने वाचली तर सेव्हन थर्टी-सेव्हन, डाउन, ओव्हर, एबीक्यू, आणि एबीक्यू म्हणजे अल्बुकर्की, तर शेवटी तिथे 737 विमान पडणार हे नावांतच लिहून ठेवलेलं. हे जमवताना इतका घाम निघाला की पुन्हा पूर्ण सीझन असा आधीच बांधून ठेवायच्या भानगडीत ते पडले नाहीत. तिसऱ्यात ड्रगच्या धंद्यातल्या सालामांका घराण्यातले ते दोघं जुळे भाऊ, न बोलणारे, ते सीझनभर पुरवायचा बेत होता, पण ही माणसं इतकी थेट चालून येतायत की त्यांना फार वेळ रोखून धरणं खोटं वाटेल हे लक्षात आलं आणि त्यांचा हिशेब सीझनच्या मध्यावरच केला. मग उरलेल्या निम्म्या सीझनचं काय? तिथे ड्रगचा मोठा धंदेवाला गस फ्रिंग गोष्टीत मोठा होत गेला. आणि पाचव्याच्या पहिल्या एपिसोडमध्ये वॉल्टच्या गाडीच्या डिकीत ती मशीनगन दाखवली ना, तेव्हा ती तो कुणावर चालवणार हे लिहिणाऱ्यांनाच माहीत नव्हतं. नंतर ती गन गोष्टीत बसवता बसवता त्यांच्या नाकी नऊ आले.

माइकची गोष्ट तर मी प्रत्येकाला सांगत असते. दुसऱ्या सीझनच्या शेवटी, जेसीची मैत्रीण जेन गेल्यानंतर, जेसीच्या घरी येऊन सगळं निस्तरायला वकील सॉल गुडमन येणार होता. पण सॉलचं काम करणारा बॉब ओडेनकर्क दुसऱ्या एका मालिकेच्या शूटिंगमध्ये अडकला होता, त्या तारखांना मिळत नव्हता. आता पर्याय काय, तारखा हलवा म्हणजे पैसे, सीन काढा म्हणजे गोष्टीला भोक. त्यांनी सॉलचा माणूस म्हणून एक नवीन पात्र पाठवलं, जोनाथन बँक्स आला, थंडपणे जेसीला काय बोलायचं ते शिकवून गेला, आणि तो माइक अर्मनट्राउट पुढे इतका वाढला की बेटर कॉल सॉल या पुढच्या मालिकेतही त्याच्यावर अख्खे एपिसोड झाले. तारखांची अडचण सगळ्यांनाच येते, दर आठवड्याला येते. चांगला शोरनर ती आली की पहिल्यांदा स्क्रिप्टकडे बघतो.

याचाच दुसरा नमुना म्हणजे फ्लाय, तिसऱ्या सीझनचा दहावा एपिसोड, 2010 चा. वॉल्ट आणि जेसी लॅबमध्ये, आणि एक माशी. बस्स. हा एपिसोड न आवडणारे लोक आजही भरपूर आहेत, मला तो जाम आवडतो. तो असा का, तर बजेट संपत आलं होतं. ट्रक, जनरेटर, माणसं इकडून तिकडे हलवायला पैसे नव्हते म्हणून जवळजवळ सगळा एपिसोड असलेल्या सेटवर करायचा ठरला. याला तिकडे बॉटल एपिसोड म्हणतात आणि बऱ्याच मालिकांमध्ये असा एपिसोड नुसता वेळकाढू असतो. इथे लेखकांनी ती बंद खोलीच वापरली, वॉल्ट झोपेच्या औषधाने गुंगलाय, जेसी शिडीवर उभा, आणि वॉल्ट जेनबद्दल सगळं बोलून टाकतो की काय अशी वेळ येते, आपला श्वास अडकतो. खर्चाचा कागद समोर ठेवून हे सुचणं, आणि चॅनेलला आणि आपल्याच टीमला हे करू या म्हणून पटवणं, हे काम ज्याला जमतं तो शोरनर. नुसता उत्तम लेखक असून हे जमत नाही, आणि नुसता उत्तम मॅनेजर असून तर त्याहून नाही.

जेनच्या मरणाबद्दल एक गोष्ट ऐकाच. गिलिगनच्या सुरुवातीच्या विचारात वॉल्ट तिला स्वतःच्या हाताने जास्तीचं ड्रग टोचणार होता. स्टुडिओ आणि चॅनेल यावर अस्वस्थ झाले, खोलीतल्या लेखकांनाही ते फार लवकर वाटलं, आणि मग होत होत ते आलं तिथे जिथे वॉल्ट काहीच करत नाही, बाजूला उभा राहून नुसता बघतो. चॅनेलच्या नोट्स, म्हणजे बदलाच्या सूचना, ही वरून आलेली कटकट असं आपण समजतो आणि बऱ्याचदा त्या असतातही तशा, पण या बाबतीत विरोधामुळे सीन दहापट भयंकर झाला. कुठली नोट ऐकायची आणि कुठल्या नोटसाठी भांडायचं हे ओळखणं हा शोरनरच्या कामाचा मोठा भाग आहे. कास्टिंगच्या वेळी तो उलट ठाम राहिला होता, वॉल्ट झालेला ब्रायन क्रॅन्स्टन म्हणजे कॉमेडी मालिकेत बापाचं काम करणारा नट अशी चॅनेलच्या लोकांची समजूत होती, तर गिलिगनने त्यांना द एक्स-फाइल्स या आधीच्या मालिकेतला आपण लिहिलेला 1998 चा एक एपिसोड दाखवला ज्यात क्रॅन्स्टन होता, आणि मग ते गप्प झाले.

एडिटिंगबद्दल केली बोलायला लागली की मी सगळं काम बाजूला ठेवते. आधी एडिटर आपला कट करते, मग दिग्दर्शकाला दिग्दर्शकांच्या संघटनेच्या नियमाने तासाभराच्या एपिसोडला चार दिवस मिळतात, त्याचा कट होतो, तो पुढच्या कामाला जातो, आणि मग शोरनर येऊन बसतो. यानंतर मालिका पुन्हा एकदा लिहिली जाते असं म्हटलं तरी चालेल. एएमसीवर जाहिराती, त्यामुळे एपिसोडला साधारण 47 मिनिटं, आणि कट आलेला असतो त्याहून लांब. काय जाणार? इथे गिलिगन आणि केली ज्या बारकाईने बोलतात, एखाद्या नजरेसाठी चार-सहा फ्रेम जास्त ठेवायच्या की नाही, आवाज आधी येऊ दे की चित्र, ते ऐकल्यावर एपिसोड परत लावून बघितल्याशिवाय राहवत नाही. त्यानंतर संगीत कुठे सुरू होणार कुठे थांबणार याची बैठक, रंग, साउंड मिक्स, सगळीकडे तोच माणूस. कपड्यांच्या रंगापर्यंत, कोण कुठला रंग घालणार हे सीझनच्या आधी ठरायचं, वॉल्टची मेव्हणी मरी आणि तिचा जांभळा रंग उगाच आलेला नाही.

आता तक्रारी, कारण आहेत.

एक म्हणजे पसारा. एका टेबलाभोवती पाच-सहा जण, कधी त्याहून जास्त, एकावर एक बोलतात, कोण बोलतंय कळत नाही, आतले जोक चालतात ज्यांना आपण नुसतं ऐकत राहायचं. कडक एडिटिंग केलं असतं तर प्रत्येक भाग वीस मिनिटांनी तरी कमी झाला असता, आणि एडिटरच्याच पॉडकास्टबद्दल हे लिहावं लागतंय याचं वाईट वाटतं. दुसरं, कौतुक फार. सगळेच ब्रिलियंट, सगळेच अमेझिंग. काही भागांत पहिली दहा-पंधरा मिनिटं यातच जातात.

पण माझी खरी तक्रार वेगळी आहे. शोरनरच्या कामातला कडू भाग इथे जवळजवळ येतच नाही. लेखकाला काढून टाकावं लागतं तेव्हा काय, स्क्रिप्ट वाईट आली आणि रात्रीतून स्वतः परत लिहावी लागली तर काय, पैशावरून स्टुडिओशी वाजलं तर काय, यावर कुणी मोकळं होत नाही. चॅनेलच्याच मालिकेचा चालू पॉडकास्ट म्हटल्यावर ते होणारही नव्हतं. पण मग ऐकणाऱ्याला वाटतं की शोरनर म्हणजे कायमची पक्की खुर्ची. तसं अजिबात नाही. याच एएमसीने 2011 मध्ये द वॉकिंग डेडच्या दुसऱ्या सीझनचं काम चालू असताना फ्रँक डॅराबाँटला हटवलं, ज्याने ती मालिका टीव्हीवर आणली त्याला, आणि नफ्यातल्या वाट्यावरून कोर्टकज्जे झाले ते 2021 मध्ये 20 कोटी डॉलरला मिटले. डॅन हार्मनला त्याच्याच कम्युनिटी या मालिकेवरून 2012 ला काढलं आणि एक सीझन त्याच्याशिवाय गेल्यावर परत बोलावलं. मालिका सुचते लेखकाला पण मालकी स्टुडिओची, आणि शोरनर हा एकाच वेळी सगळ्यांचा बॉसही असतो आणि नोकरही असतो. लेखकांचे संप होतात तेव्हा तर ही ओढाताण उघडी पडते, 2007-08 चा 100 दिवसांचा संप झाला तेव्हा शोरनर लेखक म्हणून संघटनेचे सदस्य आणि प्रोड्युसर म्हणून कंपनीचे जबाबदार, दोन्ही एकदम. त्याच संपामुळे ब्रेकिंग बॅडचा पहिला सीझन नऊचा सात एपिसोडवर थांबला. यावर एखादा सविस्तर भाग असता तर मी डोक्यावर घेऊन नाचले असते.

तरीही हा पॉडकास्ट मी का सुचवते, तर इथे शोरनर कसा घडतो हे नकळत रेकॉर्ड झालंय. गिलिगन स्वतः द एक्स-फाइल्सवर, ती मालिका तयार करणाऱ्या ख्रिस कार्टरच्या हाताखाली वर्षानुवर्षं लेखक होता, तिथे लेखकांना आपला एपिसोड शूटिंगपासून एडिटिंगपर्यंत सांभाळायला मिळायचा, तो तिथेच हे काम शिकला. आणि त्याने स्वतःच्या मालिकेत तेच केलं. ज्याची स्क्रिप्ट तो लेखक अल्बुकर्कीला सेटवर जायचा, दिग्दर्शकाच्या शेजारी बसायचा, नटाने विचारलं की हे वाक्य असं का तर उत्तर द्यायचा. पॉडकास्टमध्ये हे लेखक पाहुणे म्हणून येतात तेव्हा सुरुवातीला ते स्क्रिप्टबद्दल बोलतात, आणि पुढच्या सीझन्समध्ये तेच लोक कॅमेरा, कट, बजेट, हवामान यावर बोलायला लागतात. पीटर गूल्डचं बघा. सॉल गुडमन पहिल्यांदा येतो तो दुसऱ्या सीझनमधला एपिसोड त्याने लिहिला, आणि पुढे त्याच पात्रावरची बेटर कॉल सॉल ही मालिका 2015 पासून आधी गिलिगनच्या जोडीने आणि मग एकट्याने चालवून 2022 मध्ये संपवली. असा माणूस एका रात्रीत तयार होत नाही. अमेरिकेतल्या लेखक संघटनेने 2005 पासून शोरनर होऊ घातलेल्यांसाठी ट्रेनिंग प्रोग्राम चालवलाय तोही याच गरजेतून, कारण लेखकाला अचानक शेकडो लोक आणि कोट्यवधींचं बजेट हातात मिळतं आणि ते सांभाळायला त्याला कुणीच शिकवलेलं नसतं.

आणि म्हणूनच 2023 चा 148 दिवसांचा संप मला इतका महत्त्वाचा वाटला. तोपर्यंत स्ट्रीमिंगवाल्यांनी मिनी रूम नावाचा प्रकार रुळवला होता, मोजके लेखक थोडे आठवडे बोलवायचे, सगळ्या स्क्रिप्ट लिहून घ्यायच्या, त्यांना घरी पाठवायचं आणि शूटिंग नंतर कधीतरी. म्हणजे लेखक सेटवर जाणारच नाही, एडिटिंग बघणारच नाही. संपानंतरच्या करारात एपिसोडच्या संख्येनुसार कमीत कमी लेखक ठेवायची अट आली, 13 किंवा जास्त एपिसोड असतील तर सहा लेखक वगैरे, सगळे एपिसोड एकच माणूस लिहीत असेल तर गोष्ट वेगळी. हे वाचताना मला सारखा हा पॉडकास्ट आठवत होता, कारण लेखकाला सेटवर पाठवल्याने काय होतं याचा याहून चांगला पुरावा मला माहीत नाही. कुणी कितीही म्हणो की ती चैन आहे, ती चैन नाही, पुढची मालिका चालवणारा माणूस तिथूनच येतो.

कुणी ऐकावं? लिहिणारे, एडिटिंग करणारे, मालिकांच्या कुठल्याही कामात असणारे, यांनी तर नक्कीच. नुसते प्रेक्षक असाल आणि मालिका जीव लावून बघितली असेल तरी आवडेल, पण एकदा सगळी बघून झाल्यावर. कसं ऐकायचं ते सांगते, सलग सगळे ऐकायला जाऊ नका, कंटाळाल आणि सोडून द्याल. फ्लायचा भाग आधी घ्या, मग पाचव्या सीझनच्या सुरुवातीचा मशीनगनवाला, मग ओझिमँडियस आणि शेवटचा. एपिसोड बघायचा आणि लगेच त्याचा भाग ऐकायचा, उलट नको. एवढं झाल्यावर गोडी लागली तर परत मागे जाऊन बाकीचे घ्या, आणि ते संपले की बेटर कॉल सॉलचाही असाच इनसायडर पॉडकास्ट आहे, त्यात केलीसोबत ख्रिस मॅकॅलेब हा दुसरा एडिटर असतो, रेकॉर्डिंग जास्त स्वच्छ आहे आणि गिलिगनच्या जागी हळूहळू गूल्ड जास्त बोलायला लागतो. माझ्याकडून पाचपैकी साडेचार, अर्धा कापलाय तो त्या एकावर एक बोलण्यासाठी आणि पैशाच्या विषयावर गप्प बसण्यासाठी.